काहिलीतून मगरदर्शन

बाळासाहेब फेब्रुवारीत भिलवडीहून लेकाकडे आयर्लंडमधल्या सँट्रीला आले ते दोन महिन्यांसाठी, आणि महामारीनं सगळी विमानंच जमिनीवर बसवली. सारंग एका खोलीत मीटिंगमध्ये, सून विद्या दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये. म्हाताऱ्याशी बोलायला चहाची किटली तेवढी उरली. तीही तापल्याशिवाय आवाज काढत नसे. गावाकडं यांची थाप ऐकण्यापायी लोक एसटी चुकवायचे. इथं सात वर्षांच्या नातीला, रेवाला, मराठी सगळं कळायचं, पण आजोबांनी काही विचारलं की "ग्रँड" म्हणायची, म्हणजे तिकडचं "बरंय", आणि दार लावून घ्यायची.

एके दिवशी तिच्या टॅबवर त्यांना दलदल दिसली. मागं भलामोठा पंखा लावलेली होडी, आत पर्यटक, आणि पाण्यात डोळे वर काढून पडलेले ॲलिगेटर.

"आयला! माझी होडी चोरली की यांनी!"

रेवानं हेडफोन काढले. म्हाताऱ्याला तेवढं पुरेसं होतं.

"गूळ शिजवायची काहील असती बघ, खोलीएवढी कढई. तिला कूलरचा पंखा बांधला आणि सोडली कृष्णेत. पुण्या-मुंबईची माणसं यायची मगरी बघायला. एकदा पंखा थांबेचना. काहील घाटाच्या पायऱ्या चढली, देवळाला प्रदक्षिणा घातली आणि परत पाण्यात!"

"अँड द मगर?"

"ती पुढंच बसलेली. वाट कोण दाखवणार मग?"

दुसऱ्या दिवसापासून बागेतल्या तळ्याकाठचा बाक म्हणजे काहील झाली. घरापासून दोन किलोमीटर फिरायची मुभा होती, त्यात तळं बसत होतं. रेवा तोंडानं पंखा फिरवायची. बाळासाहेब पाण्यातल्या ओंडक्याकडं काठी करून कुजबुजायचे, "हळू. बाळंतीण आहे ती." तीन आठवडे त्यांना किटलीची आठवणसुद्धा झाली नाही.

मग रेवानं ऑनलाइन वर्गात सांगितलं, आमच्या तळ्यात मगर आहे. वर्ग हसला. टीचर म्हणाल्या, आयर्लंडमध्ये मगरी नसतात. रेवा कॅमेरा बंद करून रडली.

"बाबा, हसले हो तिला सगळे," विद्या म्हणाली. "यापुढे खरं तेवढंच सांगा. तुम्हाला माझी शपथ आहे."

"बरं," बाळासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रेवा बाकापाशी आली, पण स्कूटरवरून उतरली नाही. "टेल मी द रिअल वन."

"मगर मी एकदाच पाहिली. पुलावरनं. लांब चिखलात पडली होती. घाबरून घरी गेलो."

"अँड देन?"

"जेवलो."

"दॅट्स इट?"

जिभेच्या टोकावर मगर शेपूट आपटत होती. ती पुलाच्या खांबावर चढली, एवढं एकच वाक्य टाकलं असतं तर पोरगी उतरून शेजारी बसली असती. पण सुनेची शपथ.

"तेवढंच," ते म्हणाले.

रेवानं स्कूटर वळवली. फाटकापाशी सारंग फोनवर बोलत उभा होता, त्याच्याकडं ती निघाली. पंधरा-वीस हात जाईपर्यंत बाळासाहेबांनी दम धरला.

"रेवा! अगं, पण ती माझ्या मागनं घरी आली! माझ्या ताटावर बसली!"

चाकं खडखडत वळणाआड गेली. फाटक वाजलं.

बाळासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. पण मगर तर ताटावर बसलेली. तिला असं उपाशी कसं ठेवायचं? बारीक आवाजात, एकट्यानंच, त्यांनी तिला भाकरी वाढायला घेतली.