तीनशे माड आणि एक लॅपटॉप

बत्तीस वर्षं इबू वुर्यानीनं, म्हणजे वुर्यानीबाईनं, सुराबायातल्या इमारती कागदी नकाशांवरून उभ्या करून घेतल्या होत्या. काय ते निळे कागद! नवे आले की वास नाकाला झोंबायचा. ऊन लागलं तर डोक्यावर धरायचे, आणि काम संपलं की त्यातच सोयाबीनचं तळलेलं तेंपे बांधून घरी न्यायचं. चार्ज म्हणून कधी करावे लागले नाहीत.

आता इमारत आधी संगणकात उभी राहते आणि मग जमिनीवर. मागच्या महिन्यात ते मॉडेल मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर बघून इबूनं एका संडासाचं दार थेट जिन्यात उघडायला लावलं होतं. तेव्हापासून गवंडी तिथून जाताना मुद्दाम दार वाजवून जायचे.

साहेबांना, पाक हार्दोयोंना, त्यात काही गंमत वाटली नाही. "इबू, सोमवारी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब आहे," ते म्हणाले. "त्याआधी एक लॅपटॉप घ्या आणि साइटवर मॉडेल तपासून दाखवा. जमलं नाही तर गोदामात बसा, हेल्मेटं मोजा. साइट मी दुसऱ्याला देतो." आणि त्यांनी साठ लाख रुपिया दिले. एवढ्यात लॅपटॉप येतो, पण कुणाचा तरी वापरून झालेला.

शनिवारी इबू मॉडेल पेनड्राइव्हवर घेऊन सिक मेइलानच्या लॅपटॉपच्या दुकानात गेली. आयुष्यातला पहिला कॅल्क्युलेटर तिनं याच दुकानातून, मेइलानच्या आईकडून घेतला होता. तो अजून चालत होता.

"हा घ्या इबू," मेइलाननं एक जाडजूड लॅपटॉप उघडला. कळफलकाखाली लाल, हिरवे, जांभळे दिवे पळायला लागले.

"ही जत्रा कशाला गं? मला मॉडेल काढायचं नाही, नुसतं बघायचंय. भात खायला भाताची गिरणी घेऊ का?"

"किंमत कमी करते ना!"

"किंमत नंतर. आधी बाहेर चल."

"बाहेर कुठे?"

"उन्हात. मी काय तुझ्या एसीत स्लॅब घालणार आहे?"

अशी ती वरात निघाली. पुढे इबू, मागे दोन लॅपटॉप छातीशी धरलेली मेइलान आणि तिच्यामागे दुकानातून सरपटत येणारी लांबलचक वायर. बाहेर पार्किंगमध्ये बाक्सोची गाडी होती. गाडीवाल्या पाक सुकीर्नोंनी रश्शातले मांसाचे गोळे हलवायचे थांबवले आणि वाट्या बाजूला सारून जागा करून दिली.

दिव्यांच्या लॅपटॉपच्या चकचकीत पडद्यात इबूला फक्त स्वतःचं तोंड दिसलं.

"छान दिसतंय मॉडेल," पाक सुकीर्नो म्हणाले. "जरा जुनं आहे, पण पाया मजबूत."

"तुम्ही गोळे वळा, पाक!"

दुसरा लॅपटॉप काळा, साधा, कुठल्याशा कचेरीत राबून आलेला. पडदा मात्र बिनचकाकीचा, त्यामुळे उन्हातही नीट दिसत होता. इबूचा जीव भांड्यात पडला. तिनं मॉडेल उघडलं, आणि आतला पंखा असा घरघरला की गाडीखालची मांजर पळाली. चित्र जागचं हलेना.

"बघा, म्हणून म्हणत होते दिव्यांचा घ्या," मेइलान म्हणाली.

इबूच्या डोळ्यांपुढे हेल्मेटांची रांग उभी राहिली. पिवळी, पिवळी, पिवळी.

पाक सुकीर्नो पडद्यावर वाकले. "इमारत कुठाय यात? मला तर नुसती नारळाची बाग दिसतेय. आणि झावळीची पात न् पात मोजून घ्यावी!"

इबूनं निरखून पाहिलं. वास्तुकार मास दनांगला झाडांचा भारी सोस. त्यानं तीनशे माड लावले होते, आणि एकेकाला नारळसुद्धा. माडांखाली कोट घातलेली माणसं कॉफी पीत होती.

"अगं बाई! सोमवारी यातलं मला काय बांधायचंय?" म्हणत तिनं बाजूच्या यादीतल्या झाडांवरची खूण काढली. माड गेले. मग सोफे गेले. शेवटी कॉफीवाले कपांसकट गेले. पंखा गप्प झाला आणि इमारत बोटासरशी भिंगरीसारखी फिरू लागली. तिसऱ्या मजल्याखालून फिरवताना इबू एकदम थबकली. न्हाणीघराचा पाइप तुळईच्या बरोबर पोटातून आरपार गेला होता.

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. "पाक, सोमवारचा स्लॅब तसाच घातला असता तर तुळई फोडावी लागली असती. पाइप सरकवायला सांगा. आणि हेल्मेटं मोजायला दुसरं कुणीतरी बघा."

 मग पाक हार्दोयो म्हणाले, "सोमवारी सात वाजता या. साइटवरच या."

"काळा दे," इबू मेइलानला म्हणाली.

सोमवारी पाइप सरकला होता. पाऊस येऊ नये म्हणून इबूनं नेहमीसारखा खराटा उलटा रोवून त्याच्या काड्यांना लाल मिरच्या आणि कांदे टोचले, आणि शेजारच्या पिंपावर लॅपटॉप मांडला. मास दनांग आला, पडद्याकडे बघून हबकला.

"इबू, माझी झाडं कुठं गेली?"

इबूनं खराट्याकडे बोट दाखवलं. "एक ठेवलंय की. फळंसुद्धा धरलीत."