कुरकुरीची सवय

"तिला काय विचारता डॉक्टर, मला विचारा. कुरकुरीची सवयच आहे तिला."

रंध्याखालून निघालेल्या लाकडासारखा गुळगुळीत, सुताराचा तो आवाज बायकोच्या कानातून कधी गेलाच नाही. तेव्हा ती नवी नवरी होती, पोटुशी, स्टुलावर पोट धरून बसलेली. डॉक्टरांनी विचारलं तिला, ऐकलं मात्र नवऱ्याचं. हसत हसत गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या. आठवडा उलटायच्या आत मूल गेलं आणि कूसही गेली. पाळणा करून ठेवलेला होता, तो सुताराने मोडून त्याची फळी केली.

आता चाकांच्या खुर्चीत सुतार होता. अर्धांगाने उजवं अंग आणि वाचा नेलेली, समज शाबूत. डॉक्टर तेच, केस तेवढे पिकलेले.

"काय म्हणतात आमचे सुतारमामा?" डॉक्टरांनी विचारलं आणि पाहिलं बायकोकडे.

"काही नाही हो. कुरकुरीची सवयच आहे यांना."

सुताराची नजर झटकन वर आली. आपले शब्द त्याने ओळखले.

"टॉनिक देऊ?"

"द्या की. तेवढंच मनाला बरं."

घरी अंग पुसताना डाव्या बरगडीखाली तिचा हात लागला, की तो लाजाळूच्या पानासारखा मिटायचा. अंगाई म्हणावी तशा सुरात ती म्हणायची, "दुखतंय होय? मग सांगा ना डॉक्टरांना. तोंड शिवलंय का कुणी?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली. "काही विशेष?"

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात सुताराने चालत्या हाताने तिचा हात धरला आणि आपल्या बरगडीखाली नेऊन ठेवला. डॉक्टरांकडे त्याने पाहिलंच नाही. पाहत होता तिच्याकडे. सदऱ्याखाली तिच्या हाताला चूल पेटल्यासारखं लागत होतं.

हा असाच गेला, तर माझं तेव्हाचं दुखणं ज्या दोघांना ऐकवायचंय, त्यातला एक कमी होईल, तिला वाटलं. आज दोघंही समोर आहेत.

"दुखतंय त्यांना. इथं. मागच्या खेपेलाही दुखत होतं. मला ठाऊक होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तेव्हा बोलला का नाहीत, बाई?"

तिने हात काढला नाही.

"मलाही दुखत होतं, डॉक्टर. तेव्हा तुम्ही दोघं बोलत होतात."