जाड तारा

मुलांना व्हायोलिन शिकवायचं म्हणजे पहिली दोन वर्षं दार करकरल्यासारखे आवाज ऐकत बसायचं. ज्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो त्याने या धंद्यात पडू नये. माझा असतो, तरी मी पडले.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, भिंगरी. एका जागी उभी राहील तर शपथ. तिला व्हायोलिन तिच्या आजोबांनी घेऊन दिलं. शिकवणीला तेच घेऊन येतात, भिंतीकडच्या खुर्चीत बसतात आणि दर थोड्या वेळाने "वा, छान" म्हणतात. त्यांना बारीक, उंच आवाज अजिबात ऐकू येत नाहीत. दाराची बेल वाजून वाजून थकते, पण गल्लीच्या तोंडाशी ट्रक वळला की हे आधी खिडकीत.

मध्यंतरी भिंगरीने गज तारांना न टेकवता नुसता हवेत फिरवला. आजोबा म्हणाले, "वा, छान."

तिचा चेहरा एवढासा झाला. आजोबा जिना उतरेपर्यंत ती मागे रेंगाळली आणि म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी माझी शेवटची शिकवणी. आजोबांना ऐकूच येत नाही, तर मी वाजवू कोणासाठी?"

मला वाईट वाटलं. तारांना खालून आधार देणारी लाकडी घोडी वाकली होती म्हणून तिचं व्हायोलिन तेवढं दुरुस्तीला ठेवून घेतलं.

त्याच सुमारास दुसऱ्या एका मुलाला मी व्हायोला सुरू करून देणार होते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने भरलेली आणि आवाजाने खर्जातली. पोरांच्या मापाचा व्हायोला सहजासहजी मिळत नाही, म्हणून आम्ही छोट्या व्हायोलिनलाच व्हायोलाच्या जाड तारा चढवतो. टेबलावर एकाच मापाची दोन व्हायोलिनं पडली होती. मी एकाला जाड तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि पेटी बंद केली.

शेवटच्या शिकवणीला भिंगरी आली ती तोंड फुगवूनच. तारा तपासून घ्यायलाही थांबली नाही. पेटी उघडली, व्हायोलिन खांद्यावर टेकवलं आणि नेहमीची धून सुरू केली.

आवाज निघाला तो एखाद्या धिप्पाड माणसाने गुणगुणल्यासारखा. मी कपाळावर हात मारला. जाड तारा हिच्याच व्हायोलिनला चढल्या होत्या. भिंगरीही दचकली, पण एकदा सुरू केलेली धून अर्ध्यावर सोडायची नाही हे मीच तिच्या डोक्यात बसवलेलं, त्यामुळे ती वाजवत राहिली.

मी तिला थांबवणार, एवढ्यात खुर्ची सरकली.

"थांब," आजोबा म्हणाले. "दुसऱ्या ओळीत बेसूर झालीस. तिथून परत घे."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. परत घेतलं. या वेळी नीट वाजवलं आणि तिसऱ्या ओळीत बोट ढळढळीत चुकवलं.

"हे मुद्दाम केलंस," आजोबा म्हणाले. "लबाड."

मी घाईघाईने पुढे झाले. "अगं, तारा चुकल्यात माझ्या. दे इकडे, बदलून देते."

"हात लावू नका, बाई," भिंगरी म्हणाली आणि व्हायोलिन पोटाशी धरून दोन पावलं मागे सरकली. मग आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. चक्क स्थिर. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं, तर रोज छान काय म्हणायचात?"

आजोबा जरा ओशाळले.

"तुझा हात बघायचो मी," ते म्हणाले. "हात छानच चालतो तुझा. वाजवतेस कशी, ते आज कळलं. बरीच मेहनत करावी लागेल."

भिंगरीने मान डोलावली, गज उचलला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.