गवताच्या मांडवाला भिंती

लुडविकने तक्रार केली, पण लपूनछपून नाही. रविवारची प्रार्थना आटोपून माणसं चर्चच्या पायऱ्या उतरत होती, तेव्हा साऱ्या झाब्ये गावासमोर टोपी डोक्यावर चढवत त्याने अल्बिनाला गाठलं.

"तुझ्या पोराची तक्रार दिली आहे मी पालिकेत. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं."

"वा! शेजारधर्म शिकावा तर तुझ्याकडून," अल्बिना म्हणाली, आणि तडक घराकडे निघाली. वाटेत दोघांनी तिला रामराम केल्यासारखं मान लववून पाहिलं, पण तिचं लक्ष नव्हतं. लुडविकच्या घरावर वीज पडावी, असं ती नुकतीच चर्चमधून बाहेर पडलेली असूनही मनात म्हणत होती, आणि त्याबद्दल तिला जराही लाज वाटत नव्हती.

लुडविकचंही अगदीच चुकत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर राग जास्त. झाब्येचं खोरं म्हणजे दोन डोंगरांच्या मधे सांडलेली चिमूटभर सपाटी. त्या सपाटीवर घर बांधायचं नाही, शेतीच करायची, असा पालिकेचा नियम, आणि पालिका नव्हती तेव्हाही गावाचा तोच नियम होता. घरं वर, दगडधोंड्यांत, शेतं खाली. अल्बिनाच्या खालच्या शेतात एक कोझोलेत्स तेवढा उभा होता. कोझोलेत्सचं काम एकच. वरच्या कौलांनी पाऊस अडवायचा आणि उघड्या बाजूंनी वारा आत घ्यायचा, म्हणजे आडव्या काठ्यांवर टांगलेलं गवत वाळतं. तिच्या नवऱ्याने, आल्फोन्झने, आणि ह्याच लुडविकने मिळून तो उभारला होता, दोघांच्याही मिशा काळ्या होत्या तेव्हा. आता गवत यंत्राने गुंडाळून प्लास्टिकमध्ये बांधतात. त्यामुळे कोझोलेत्स नुसताच वारा खात उभा होता.

मग वसंतात तिचा ब्लाझ ऑस्ट्रियातून, ग्राझहून परत आला, बायकोला घेऊन. सून यास्ना गरोदर होती. गावाखालच्या लाकूडगिरणीत ब्लाझला काम मिळालं. अल्बिनाच्या घरात खोल्या दोन, त्यातल्या एकीत शिंकलं तर दुसरीतला 'देव भलं करो' म्हणणार. नवीन जोडप्याने अशा घरात किती दिवस काढायचे? वर बांधायला तिच्याकडे हातभर जागा नव्हती. तेव्हा ब्लाझने कोझोलेत्सला चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या, छप्पर उचलून वर एक मजला काढला, खिडक्या बसवल्या, चूल मांडली. कोणी विचारलं तर सांगायचं, गारांचा मारा फार होतो म्हणून गवताला आडोसा केला.

इथवर सगळं ठीक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ उघडली अल्बिनानेच.

नवं आढं चढलं त्या दिवशी ती शिडीखाली जाऊन उभी राहिली. "स्प्रूस कुठाय?"

"कसला स्प्रूस?"

"आढ्यावर ठोकायचा. फिती लावून. आणि लिकोफ कधी आहे?"

घराचं छप्पर चढलं की स्प्रूसचं छोटं झाड रंगीत फिती आणि कागदी फुलं लावून आढ्यावर ठोकायचं, आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांना जेवू घालायचं. त्या जेवणाला लिकोफ म्हणतात. ब्लाझ शिडीवरूनच कळवळला.

"अगं आई, कागदावर हा गवताचा मांडव आहे! गवताला कोणी लिकोफ घालतं का?"

"लिकोफ न झालेल्या छपराखाली माझं नातवंड झोपणार नाही. सांगून ठेवते."

"आई म्हणतायत तर होऊन जाऊ दे," यास्ना म्हणाली. तिला डुकराच्या भाजलेल्या मांसाचे डोहाळे लागले होते, ही गोष्ट वेगळी.

झालं. स्प्रूस चढला, अख्खा गाव जेवला, अक्रोडाचं सारण भरलेली गोड रोटी, पोतित्सा, दोनदा कमी पडली. लुडविकला निरोप गेला होता, पण तो आला नाही. त्याच्या पुढच्याच रविवारी त्याने चर्चच्या पायऱ्यांवर ती बातमी दिली.

पालिकेची तपासनीस बाई आली ती दुपारच्या उन्हात, चिखलाचे बूट घालून. नाव सिल्वा, पलीकडच्या खोऱ्यातली. ब्लाझने आदल्या दिवशी खिडक्यांआड गवताचे भारे रचले होते, चुलीवरही एक भारा बसवला होता. बाई चहूबाजूंनी फिरली, ब्लाझची गारांची गोष्ट तिने मान डोलवत ऐकली. क्षणभर अल्बिनाला वाटलं, निभावलं. मग बाईने ऊन चुकवायला हात कपाळावर धरून वर पाहिलं. आढ्यावर स्प्रूस, लाल-पिवळ्या फिती वाऱ्यावर फडफडतायत.

"गवताचा लिकोफ झोकात झालेला दिसतोय," ती म्हणाली.

ब्लाझने घाईघाईने खिडकीतला एक भारा सरळ केला.

"आमच्याकडे गोठ्यालासुद्धा लावत नाहीत हो. घरालाच लावतात." ती अल्बिनाकडे वळली. आवाजात कुरघोडी नव्हती, उलट जरा संकोचच होता. "मावशी, तुम्हीच सांगा. कोण राहणार इथे?"

अल्बिनाला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यात ती थोडंथोडकं खोटं बोलली नव्हती, गायी विकताना तर नेहमीच. पण ज्या छपराला लिकोफ घातला ते छप्पर नाकारणं तिच्या जिभेवर येईना.

"माझा मुलगा, माझी सून आणि त्यांचं बाळ," ती म्हणाली. "आणखी कोण राहणार?"

निकाल असा लागला: खांब आणि छप्पर ठेवा, पण भिंती, खिडक्या, चूल सगळं निघालं पाहिजे, गवताच्या दुसऱ्या कापणीच्या आत. ब्लाझ आईवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मग बाळ ग्राझलाच होईल, आई. तिथली खोली अजून मित्राने कुणाला दिलेली नाही." त्या रात्री अल्बिनाला झोप लागली नाही. आपल्याच हाताने आपण नातवंडाला सरहद्दीपार धाडलं, हे तिला पुन्हा पुन्हा लख्ख दिसत राहिलं.

भिंती उतरवायला माणसं बोलवावी लागली नाहीत. ज्याने लिकोफ खाल्ला त्याने त्या छपराच्या बऱ्यावाईटाला यायचं, असा झाब्येचा रिवाज. शनिवारी सकाळी पहारी आणि पकडी घेऊन सगळे हजर. कोणी फार बोलत नव्हतं. बांधताना थट्टामस्करीला ऊत येतो, उतरवताना काय बोलणार?

आणि मग बांधावरून लुडविक येताना दिसला, खांद्यावर पहार.

ब्लाझ मधे जाऊन उभा राहिला. "काय काका, गंमत बघायला आलात?"

"फळ्या काढायला आलोय. तुम्ही लोक ओढाताण करून त्या फोडाल."

"तुम्ही लिकोफ नाही खाल्लात."

"खांब माझे आहेत," लुडविक म्हणाला. "तुझ्या बापाबरोबर उभे केलेत. बाजूला हो."

ब्लाझने आईकडे पाहिलं. अल्बिनाने तोंड फिरवलं, पण नाही म्हणाली नाही. लुडविक दुपारपर्यंत राबला, कोणाशी न बोलता. बाजू उघड्या होत गेल्या, आणि नव्या फळ्यांची चळत बांधाशी वाढत गेली.

दुपारी टेबल मांडलं ते कोझोलेत्सच्याच सावलीत. शेवया घातलेलं मटणाचं सूप, पाव, आंबटसर तांबडी वाइन. ज्याने काम केलं त्याला वाढायचंच, मग तो वैरी का असेना. अल्बिनाने लुडविकसमोर ताट आदळलं आणि समोरच बसली.

"आता सांग. का केलंस?"

"सपाट जमीन आहे, अल्बिना. अशी जमीन ह्या खोऱ्यात..."

"ते भाषण पालिकेत दे. मला खरं ते सांग."

लुडविकने पाव हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. टेबलावरचे बाकीचे सूप पिण्यात एकदम फार गुंतले.

"माझ्या मातियाने हेच मागितलं होतं," तो म्हणाला. "माझ्या खालच्या शेतात घर. मी म्हटलं, मी जिवंत असेतो शेतात वीट लागणार नाही. तो स्वीडनला निघून गेला. शेत राहिलं माझ्याकडे." त्याने उघड्या खांबांकडे पाहिलं. "रोज सकाळी खिडकी उघडली की तुझ्या पोराच्या घराचं छप्पर दिसायचं. वर ते झाड, त्या फिती. ते घर उभं राहिलं असतं, तर मग मी माझ्या पोराला कशासाठी घालवलं, सांग."

अल्बिनाने आठवडाभर शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही आता उपयोगाची राहिली नाही. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

"तुझा वरचा उतार दे," ती म्हणाली.

"काय?"

"रस्त्याच्या वरचा. काटेरी झुडपं माजलेला. गावठाणात आहे, घराला परवानगी मिळते. ह्याच फळ्या वर नेऊन लावू. फुकट नको. दे."

"तो मातियाचा आहे." लुडविक म्हणाला. "तो गेला त्याच वर्षी त्याच्या नावावर केला मी. म्हटलं, खाली नाही तर वर बांधेल. परत येईल."

"आला?"

लुडविकने पावाचा तुकडा मोडून सुपात टाकला.

"मग विचार त्याला."

"आम्ही बोलत नाही, अल्बिना. माझ्याकडे नंबरही नाही."

ब्लाझ उठला. मातिया आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे, एकाच मास्तरचा मार खायचे. त्याने खिशातून फोन काढला, लावला आणि वाजायला लागलेला फोन लुडविकच्या हातात दिला. लुडविकने तो तापलेलं भांडं धरावं तसा धरला.

पलीकडून कोणीतरी हसत काहीतरी म्हणालं.

"ब्लाझ नाही," लुडविक म्हणाला. "मी आहे."

हसणं थांबलं. मग पलीकडून एकच छोटा प्रश्न आला, घाईघाईने.

"नाही रे. कुणी गेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. मीच... मीच लावलाय." त्याला उभं राहावंसं वाटलं असावं. तो बाकावरून उठला आणि भिंती काढलेल्या मांडवाच्या पलीकडच्या टोकाला गेला, पाठमोरा. तिथूनही त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "गवत बरं आलंय यंदा. हो. तुमच्याकडे? तुमच्याकडे कापतात का गवत?... अच्छा. मुलीचं नाव काय ठेवलंस म्हणालास?"

लुडविकला नात असल्याचं अल्बिनाला आजच कळलं. त्यालाही आजच कळलं होतं.

गवत, पाऊस, गुडघे, पोरीचे दात. उताराचं नावच निघेना. सूप गार झालं. यास्नाने पोटावर हात ठेवत सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या बाळाचं घर त्या फोनमध्ये अडकलं होतं, आणि म्हातारा दातांचं बोलत होता. शेवटी न राहवून ती उठली.

"आई, मी जाऊन जरा आठवण करून देते. ते विसरलेत."

अल्बिनाने तिची बाही धरून तिला खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "बोलू दे त्याला."