उरलेला कान

नागसेनने राखेत पुन्हा बोटं घातली. वर पाणी शिंपडलं होतं, तरी आतली राख कोमट लागत होती.

"मामा, झालं की. मडकं भरलंय," त्याचा भाचा धम्मदीप म्हणाला. वरवंडहून दौंडला भीमेवर जायचं, अस्थी सोडायच्या आणि दुपारी रांजणगावच्या कंपनीतली सेकंड शिफ्ट गाठायची होती बिचाऱ्याला.

"थांब रं. एक राहिलंय."

पस्तीस वर्षं नागसेन पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजात हाडांची खोली सांभाळत होता. कवटी हातात घेऊन पोरं गांगरली, की तो त्यांचं बोट आतून फिरवायचा. "ही आडवी कड लागली का? अंगातलं सगळ्यात टणक हाड. ऐकायचा खरा कान ह्याच्या पोटात. बाहेरचा नुसता पिळायला!" पोरं हसायची.

बायको चांगुणा इथे गावी एकटी. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"काय जेवलात?"

"जेवलो," म्हणून तो ठेवून द्यायचा. काय, ते कधी सांगितलं नाही. तिला तेवढंच ऐकायचं असतं हे कळायचं, आणि कळूनही कंटाळा यायचा. मंगळवारी फोन वाजला, तेव्हा तो एका पोराला तीच कड दाखवत होता. उचलला नाही. नंतर करू म्हणाला आणि राहून गेलं. बुधवारी पहाटे शेजारच्या गीताबाईचा फोन आला.

बोटाला काहीतरी टोचलं. त्याने ते सदऱ्याला पुसलं. अंगठ्याएवढा तुकडा, वर कड, मागच्या अंगाला बारीक भोक. बाकी कवटीच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. हा तेवढा शाबूत होता.

"काय हाय ते?"

"तुझ्या मामीचा कान."

धम्मदीपने हाडाकडे पाहिलं, मग मामाच्या तोंडाकडे.

"मी गाडी वळवून आणतो," तो हळूच म्हणाला.

नागसेन राखेपाशी मांडी घालून बसला. ते भोक त्याने ओठांजवळ आणलं.

"सकाळी चहा घेतला. गीताबाईनं दोन खारी दिल्या, त्या बुडवून खाल्ल्या. काल भाकरी आन् वांग्याचं कालवण. मीठ कमी हुतं. परवा... परवा न्हाई जेवलो."

रस्त्यावर हॉर्न वाजला.

"मामा, चला!"

"आलो, आलो. मंगळवारचं राहिलंय," नागसेन म्हणाला आणि हाड पुन्हा ओठांशी नेलं.