मानसीची बढती

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर नंदकुमार सामंतांची डेंटल लॅब आहे. कांदिवली-बोरिवलीचे दातांचे डॉक्टर तिथून कॅप बनवून घेतात. मध्यंतरी तिथली चांगली माणसं एकामागून एक दुसरीकडे जायला लागली. मानसी परबही जाईल या धास्तीने नंदकुमारांनी तिला सुपरवायझर केलं, पगार वाढवला आणि काचेची केबिन दिली.

मानसी पुढच्या दातांची कामं करायची. ब्रशने सिरॅमिकचे थर चढवायचे, भट्टीत भाजायचे, शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवायचा. तिने केलेला दात तोंडात बसला की ओळखू यायचा नाही.

दिवाळीनंतर तिने राजीनामा दिला.

"कुठे लागलं?" नंदकुमारांनी विचारलं.

"कुठेच नाही सर. अजून शोधलंही नाही."

"मग? पगार कमी पडतोय का?"

"पगाराचं नाही ना. तुम्ही माझं काम काढून घेतलंत."

"काढून घेतलं? प्रमोशन दिलं मी तुला!"

"तेच सांगतेय. दिवसभर कोण उशिरा आलं ते बघायचं, मटेरियल संपलं की फोन करायचे. दात करायला वेळच नाही मिळत. आपल्या लॅबमधल्या सौरभला असलं सगळं मस्त जमतं, त्याला आवडतं पण. मला नाही."

नंदकुमारांना राग आला. घरी जेवताना त्यांनी बायकोला, कुंदाला, सगळं सांगितलं. इतकं करूनही ही मुलगी निघाली म्हणाले.

"बढती देताना तिला विचारलं होतंत?" कुंदाने विचारलं.

"त्यात विचारायचं काय?"

कुंदाने त्यांच्या ताटात भात वाढला. नंदकुमार मात्र बराच वेळ नुसता भात कालवत राहिले.

सकाळी त्यांनी मानसीला बोलावलं. "काय केलं तर राहशील?"

तिने आधीच विचार केला असावा. "माझे डॉक्टर मला द्या. त्यांचे फोन मी घेईन. रंग बघायला पेशंट इथे बोलवायचा असेल तर मी बोलवीन. काम परत आलं तर माझी जबाबदारी. सगळ्यांनाच तसं द्या, ज्याचं काम त्याचे डॉक्टर."

"आणि उद्या तू सोडून गेलीस तर डॉक्टरही घेऊन जाशील."

"जाऊ शकते," मानसी म्हणाली. "पण आत्ताही मी जातेच आहे ना सर."

नंदकुमारांना ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. त्यांनी सुपरवायझरचं पदच काढून टाकलं. सामान आणि वेळापत्रक सौरभकडे दिलं, पण कोणालाही हुकूम सोडायचा अधिकार दिला नाही. केबिनची काच काढून तिथे खिडकीपाशी पेशंटसाठी खुर्ची ठेवली, उजेड चांगला होता म्हणून. मानसीचा वाढलेला पगार तसाच राहिला.

हे सगळ्यांना मानवलं असं नाही. भाऊराव जुने कारागीर. ते म्हणाले, "मला डॉक्टरांशी बोलायला नाही जमणार. वरून कोणीतरी सांगणारं लागतं मला." नंदकुमारांनी खूप समजावलं. भाऊराव महिन्याभरात गेले. त्यांच्या जागी आलेली जान्हवी मात्र, डॉक्टरांशी थेट बोलता येतं हे ऐकूनच आली होती.

एकदा बोरिवलीच्या एका डॉक्टरांनी चिडून नंदकुमारांनाच फोन लावला. कॅप पिवळट दिसत होती आणि पेशंटच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. नंदकुमारांच्या ओठांवर आलं होतं, 'मी बघतो डॉक्टर.' त्यांनी ते गिळलं आणि फोन मानसीकडे दिला.

"माझं चुकलं डॉक्टर," ती म्हणाली. "त्यांना आजच पाठवा."

पेशंट बाई दुपारी आल्या. मानसीने त्यांना खिडकीपाशी बसवलं, लिपस्टिक पुसायला लावली, हसायला सांगितलं. मग टेबलावर जाऊन ती नव्याने थर चढवायला बसली. नंदकुमार लांबून बघत होते. त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, ते त्यांना थोडं लागलं.

बाई लग्नाआधी नवी कॅप बसवून गेल्या. त्या डॉक्टरांचे फोन आता नंदकुमारांना येत नाहीत. मानसी अजून तिथेच आहे. पुढे काय बेत आहे, असं त्यांनी मध्यंतरी तिला विचारलं.

"सध्या बरं चाललंय सर," ती म्हणाली आणि भट्टीकडे वळली.