व सोडून

व हे अक्षर न वापरता पहिलीला मराठी शिकवून बघा कधी. गाव नाही, देव नाही, जेवण नाही, वही नाही. ‘माझे नाव’ सुद्धा नाही. मी जुलैपासून डिसेंबरपर्यंत तसं शिकवलं, आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आमची शाळा मोहर्लीच्या रस्त्यावरून आत, जंगलाला लागून. शिक्षक दोनच. दुसरी ते चौथी हरिदास सरांकडे, पहिली माझ्याकडे. पहिलीत चौदा मुलं, त्यातली एक दिव्यानी. एप्रिलमध्ये तिची आई पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला ओढून नेलं. बाप घुग्घुसला ट्रकवर कामाला, महिन्यातून एकदा येतो. तेव्हापासून पोरगी आईच्या आईजवळ, गुणाबाईजवळ राहते.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी जुलैत मी अक्षरकार्डांचा गठ्ठा हातात घेऊन न बघता एकेक कार्ड वर करत गेले, आणि ‘व वाघाचा’ निघालं. झिंगू नावाचा आमचा एक अवली आहे. त्याने दोन्ही पंजे उगारून डरकाळी फोडली, मग सगळ्यांनीच फोडली. दिव्यानी भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. तिच्या पायाखाली फरशी ओली झाली.

आठ दिवस ती शाळेत आली नाही. नवव्या दिवशी गुणाबाई तिला घेऊन आली.

“जय भीम, मॅडम. ते चित्र पोरीले दाखवू नका. राती झोपत नाई ते.”

मी शब्द दिला. ते कार्ड फाडून टाकलं. भिंतीवरच्या अक्षरतक्त्यावर वाघाच्या चौकटीवर कॅलेंडरचं पान चिकटवलं. आमच्या गावात तसंही त्या जनावराचं नाव कोणी घेत नाही. ‘मोठा’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘ते’. शाळेवरून रोज सफारीच्या जिप्सी जातात, आतल्या माणसांच्या टोप्यांवर, बनियनवर त्याचंच तोंड असतं. गावातली अर्धी घरं त्या जिप्सींवर जगतात, तरी मला त्या टोप्यांचा राग येतो. काही इलाज नाही, येतो.

दिव्यानी शाळेत यायला लागली, पण बोलायची नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. बाकी सगळं करायची. खडूच्या अक्षरावर चिंचोके मांडायची, पळसाची पानं दहा-दहाच्या जुड्यांत लावायची, मातीची भाकरी थापून तिचे दोन सारखे भाग करायची. मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होते. इतर मुलं वर्गात आईचा विषय काढायला लागली की मी गाणं सुरू करायची.

हरिदास सर एकदा म्हणाले, “मॅडम, एक अक्षर किती दिवस लपवून ठेवसान?”

“सर, तुम्ही तुमचे वर्ग बघा,” मी म्हणाले. सर बिचारे हसून गेले.

डिसेंबरात धान कापून झालं आणि आयांचा मेळावा ठरला. वर्गातल्या आया यायच्या, मुलांनी काय काय केलं ते बघायच्या. त्यासाठी एक काम काढलं: पुठ्ठ्यावर धावड्याच्या डिंकाने धानाचे दाणे चिकटवून आईचं नाव लिहायचं आणि ते आईच्या हातात द्यायचं. मी प्रत्येकाला जवळ बोलावून विचारलं, “तुझ्या आईचं नाव काय?” आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने फिकट लिहून दिलं. प्रफुलची आई सरिता, झिंगूची आई सीता.

दिव्यानीला मी विचारलं नाही. तिच्या पुठ्ठ्यावर माझ्या मनानेच ‘गुणाबाई’ लिहून दिलं. तिला त्रास नको म्हणून. खरं सांगायचं तर मला त्रास नको म्हणून. तिच्या आईला गावात सगळे ‘दिव्यानीची माय’ म्हणायचे, मीही तेच म्हणायची. ती गेल्यावर तर तेवढंही बंद झालं. नाव रजिस्टरात असणारच, पण रजिस्टर उघडायचं मला सुचलं नाही.

मधल्या सुट्टीनंतर पुठ्ठे गोळा करत होते. दिव्यानीने आपला पुठ्ठा उलटा करून दिला. पुढच्या बाजूला पेन्सिलीचं ‘गुणाबाई’ तसंच कोरडं. मागच्या बाजूला तिने स्वतः दाणे लावले होते. आधी एक मोकळी जागा, तिथे नुसता डिंक चकाकत होता. पुढे वाकडंतिकडं: निता.

मी वाचलं, मला काही कळेना. “हे काय गं?”

आणि ती पोरगी, जुलैपासून तोंड न उघडलेली, हळूच म्हणाली, “पयलं अक्षर मले येत नाई. तुमी शिकवलंच नाई.”

“आईचं नाव काय तुझ्या?”

“वनिता.”

माझ्या हातातले बाकीचे पुठ्ठे खाली पडले. करायला गेले काय आणि झालं काय! मी वाघाला वर्गाबाहेर काढलं अशा गुर्मीत होते, आणि काढलं होतं तिच्या आईला. सहा महिने. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. मी तिथेच फरशीवर बसले आणि पोरांदेखत रडले.

दिव्यानी वाट बघत उभी होती. तिला माझ्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिला अक्षर हवं होतं.

मी डोळे पुसले आणि फरशीवर खडूने मोठा व काढला. तिने बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग तिने विचारलं, “तक्त्यावर याचंच चित्र झाकलं हाय ना?”

“हो.”

“त्याचा पन हाच हाय?”

खोटं बोलायचं अगदी तोंडावर आलं होतं. “हो. हाच.”

तिने अक्षरावर पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग ती म्हणाली, “मंग त्याले नका देऊ, मॅडम. मायले द्या.”

मी कॅलेंडरचं पान काढलं नाही. त्यावरच जाड पेनाने लिहिलं: व वनिताचा. ती खाली बसली आणि डिंकाच्या जागेवर एकेक दाणा ठेवत गेली.

शनिवारी मेळाव्याला आया आल्या. गुणाबाई दाराजवळ, सगळ्यांच्या मागे बसली. मुलांनी पुठ्ठे वाटले. दिव्यानीने तिच्या मांडीवर आपला ठेवला. गुणाबाईला वाचता येत नाही. तिने तो पदराने पुसून तसाच धरून ठेवला.

मग मुलं तक्ता म्हणायला उभी राहिली. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. आया कौतुकाने हसत होत्या. र, ल झालं आणि मी गुणाबाईकडे बघितलं. चौदाच्या चौदा जणांनी छत उडेल अशा आवाजात म्हटलं, “व वनिताचा!”

बायकांचं हसणं थांबलं. कोणी एकमेकींकडे बघेना. आठ महिन्यांत हे नाव गावात कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. मला वाटलं, आता ही म्हातारी उठून जाणार, आणि जाताना पोरीलाही घेऊन जाणार.

गुणाबाई उठली. पुठ्ठा छातीशी धरून बायकांच्या मधून वाट काढत मुलांसमोर येऊन उभी राहिली.

“म्हना, पोरंहो,” ती म्हणाली. “माह्या पोरीचं नाव आनखी एकदा म्हना.”